आतेच्या आवाजामागचा आवाज

नवी हार्ड डिस्क बसवली आणि त्याच रात्री झोप उडाली. टक्. मध्ये चार-पाच सेकंद शांतता, की पुन्हा टक्. कॉम्प्युटरवर काहीच काम चालू नव्हतं, दिवा मालवून मी आडवी झाले होते. डिस्क बिघडलेली नव्हती. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क रिकाम्या बसलेल्या असतानाही आतला हात मुद्दाम अधूनमधून हलवतात, तबकडीवरचं वंगण एका जागी साचू नये म्हणून. हे वाचून काळजी मिटली, पण डोळ्याला डोळा काही लागला नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या नेहमीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, वर पंखा चालू असतो ना? मग डिस्कचा आवाज कोण ऐकतंय?"

पंखा असतो, हे खरंच. पण पंख्याचा आवाज पसरट असतो, त्यात कुठलाच सूर ठाण मांडून बसत नाही. डिस्कचं तसं नाही. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. तेवढ्याच कंपनांचा खर्जातला घुमारा कॅबिनेटचा पातळ पत्रा उचलतो आणि मोठा करून खोलीभर सोडतो. डिसेंबर-जानेवारीत डोंबिवलीत पंखा बंद झाला, की तो सूर थेट उशीपर्यंत येतो. आमच्याकडे कॉम्प्युटरची खोली आणि झोपायची खोली कधी वेगळी नव्हतीच. हॉलमध्ये टेबल, टेबलाखाली कॅबिनेट, आणि तिथून हातभरावर गाद्या. डिस्क घेताना आवाजाचा विचार करणं ही चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात बहुधा आमच्यापेक्षा एक खोली जास्त असते.

मला मात्र या आवाजाचा छंद झोपेपायी लागला नाही. तो आतेमुळे लागला.

२००३ साली आते गिर्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. सत्तरी ओलांडलेली, दात बहुतेक शाबूत, आवाज खणखणीत. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून दिवसभर बसून राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, आते, तू बोल, मी भरून घेते. कॉम्प्युटरबरोबर आलेला, प्लॅस्टिकच्या वाकड्या दांडीचा माइक होता. त्याची वायर एवढीशी, त्यामुळे तो कॅबिनेटच्या डोक्यावरच ठेवावा लागायचा. आते बोलत गेली. गिर्याचं रामेश्वराचं देऊळ, शिवरात्रीची जत्रा, तिच्या आईचं बाळंतपण, आंब्याच्या पेट्या भरताना गवत कसं अंथरायचं. आणि मध्येच थांबली.

"ह्यो आवाज कसलो गो?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरचा गं."

"बंद कर बघू तो."

"तो बंद केला तर तुझं बोलणं कशावर उतरणार?"

यावर ती जरा गप्प राहिली. मग खुर्चीत पुढे सरकली आणि आवाज चढवून बोलू लागली, विहिरीवरून पलीकडच्या वाडीत हाक मारावी तशी. ते रेकॉर्डिंग आजही माझ्याकडे आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या मागे डिस्कची बारीक शीळ आहे.

ती शीळ कशाची, हे मला फार नंतर उमगलं. तेव्हाच्या बऱ्याच डिस्कमध्ये मोटरचा दांडा पोलादी छऱ्यांच्या बेअरिंगवर फिरायचा. छरे कितीही गुळगुळीत केले तरी पूर्ण गोल होत नाहीत, आणि वापरानं झिजले की वर्षागणिक शीळ चढत जाते. त्यावर तोड निघाली ती तेलाच्या बेअरिंगची. दांडा आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर ठेवायचा. फिरताना दांडा त्या थरावरच तरंगतो, धातू धातूला लागत नाही. सीगेटची २००१ सालची बॅराकुडा एटीए-फोर याच पद्धतीची होती आणि आवाजाला कंटाळलेल्या लोकांनी ती जगभर डोक्यावर घेतली. म्हणजे आते बोलत होती तेव्हा शीळ न घालणारी डिस्क बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या टेबलाखाली ती नव्हती, एवढंच.

खरं तर या यंत्राचा जन्मच गोंगाटातला. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्याच्या डिस्कचं काम कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली झालं होतं. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या वर. लिहिणारं-वाचणारं डोकं तबकडीला टेकू नये म्हणून दाबलेल्या हवेचा झोत सोडायचा, त्यासाठी सोबत हवेचा कॉम्प्रेसर. हे सगळं कशासाठी, तर ५० लाख अक्षरांसाठी. आतेचं तासाभराचं बोलणं साध्या एका चॅनेलच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ३०० एमबीच्या आसपास जातं. रॅमॅकच्या कपाटात तिचं एक मिनिटसुद्धा मावलं नसतं.

आता मला ज्याचा मनापासून राग आहे ती गोष्ट. डिस्कचा आवाज दोन तऱ्हेचा. एक फिरण्याचा, तो सतत. दुसरा शोधण्याचा: आतला हात एका जागेवरून दुसऱ्या जागी झेपावतो आणि गचकन थांबतो, त्याची करकर. एके काळी ही करकर कमी करण्याची चावी वापरणाऱ्याच्या हातात होती. डिस्कला १२८ ते २५४ मधला एक आकडा सांगायचा. २५४ म्हणजे पूर्ण वेग. १२८ म्हणजे हात हळुवार उचल, हळुवार थांबव. त्यात काही मिलिसेकंद जायचे. घरी पत्र लिहिणाऱ्याला किंवा गाणं ऐकणाऱ्याला ते कळायचेही नाहीत. एका छोट्या प्रोग्रॅममधून हा आकडा बदलला की करकरणारी डिस्क पुटपुटायला लागायची. मी ते माझ्या टेबलाखाली ऐकलंय. २००० साली कॉनव्हॉल्व्ह ही कंपनी आणि एमआयटी यांनी सीगेट आणि कॉम्पॅकवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. हलणारा हात थरथर न करता थांबवण्याच्या तंत्राच्या पेटंटवरून हा वाद होता, आणि तो दशकाहून जास्त चालला. कोण खरं, कोण खोटं, त्यात मी पडत नाही. पण पुढच्या काळात आवाज कमी करायची ही सोय डिस्कमधून नाहीशी होत गेली आणि पुढे तिचं नावही निघेना. मधल्या काळात मी घेतलेल्या एका डिस्कला १२८ सांगितलं, तर तिनं ती आज्ञा आपल्याला कळतच नसल्याचं उत्तर दिलं. गोंगाट कमी करण्याचा इलाज एकदा सापडल्यावर तो गमावणं, तेही लाखो घरांनी एकदम गमावणं, हे मला अजून सहन होत नाही.

मग हाताशी राहिले ते घरगुती उपाय. डिस्क कॅबिनेटला चार स्क्रूनी घट्ट आवळली की पत्रा बोलायला लागतो, म्हणून तिला पत्र्यापासून सोडवायचं. मी शिवणसामानाच्या दुकानातून बोटभर रुंदीचं काळं इलास्टिक आणलं. सीडी ड्राइव्हचा कप्पा रिकामा होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून इलास्टिक आठाच्या आकड्यासारखं ओवलं, दोन्ही वेढ्यांमध्ये डिस्क आडवी सरकवली, वायरी सैल ठेवल्या म्हणजे त्यांतून कंप जायला नको. बटण दाबलं. पत्र्यावर तळवा ठेवला, तर पत्रा गप्प. डिस्कला बोट लावलं, तर ती आपली फिरतेच आहे. तेवढ्या एका संध्याकाळी मला जो आनंद झाला तो नव्या कॉम्प्युटरनंही कधी दिला नाही. इलास्टिक उष्णतेनं सैल पडतं, वर्षाकाठी ते बदलावं लागतं, आणि कॅबिनेट हलवायचं तर डिस्क आधी काढून घ्यायची. एवढं पाळलं की झालं.

दुकानात कुणी आवाजाचा आकडा सांगत नाही. खोक्यावर टेराबाइट मोठ्या अक्षरात, वॉरंटी त्याखाली. आवाज शोधायचा तर कंपनीचा तपशीलवार कागद उघडावा लागतो. तिथेही कुणी तो बेलमध्ये देतो, कुणी डेसिबलमध्ये. २.५ बेल म्हणजे २५ डेसिबल, पण तीन डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट, हे घेणाऱ्याला कोण सांगणार? मी तरी आधी फेरे बघते. घरी ५४०० पुरतात. त्या डिस्क कमी गुणगुणतात आणि कमी तापतात. डोंबिवलीच्या मे महिन्यात हे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोलाचं, कारण डिस्क तापली की कॅबिनेटचे पंखे जोरात लागतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. नंतर तबकड्या किती ते बघते. जितक्या कमी तितकं बरं.

आज यातलं काहीच करायला नको, असं मला सांगतात. एसएसडी घ्या. बरोबर आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, झेपावणारं काही नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्येही आता एसएसडीच आहे आणि जिला फक्त रोजचं काम करायचंय तिनं दुसरा विचारही करू नये. पण आतेनंतर मला नाद लागला. गावची माणसं, दशावतारातले जुने नट, नंतर व्हिडिओ. एवढं सगळं एसएसडीवर ठेवायचं तर खिशाला परवडत नाही; शिवाय एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातला मजकूर कालांतरानं विरू शकतो. म्हणून ती मोठी, टक् करणारी डिस्क. ती आता दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारच्या छोट्या डब्यात बसवलीय, खाली फोमचा जाड तुकडा. तिथून केबल हॉलमध्ये येते. टक् तिथं कुणाला ऐकू जात नाही.

आतेच्या रेकॉर्डिंगमधली शीळ काढून दे, असं माझी भाची कधीची म्हणत होती. काढता येते. जिथं आते थांबलीय आणि फक्त शीळ आहे तेवढा तुकडा निवडायचा, तोच आवाज सगळीकडून वजा कर म्हणून प्रोग्रॅमला सांगायचं. पहिल्यांदा 'स' आणि 'श' बोथट झाले, कारण शीळ नेमकी तिथंच होती. हळूहळू, थोडं थोडं वजा करत, ठीक जमलं. मागं एकदम स्वच्छ. आणि ऐकायला बसले तर आते ओरडत होती. समोर कुणी नाही, आवाज कसला नाही, आणि म्हातारी बाई बाळंतपणाची गोष्ट घसा ताणून सांगतेय. ज्या आवाजाशी ती झगडत होती तोच मी पुसून टाकला होता. भाचीला दोन्ही फाइल पाठवल्या. शीळ असलेलीच नीट कळते, असं तिनंही कळवलं.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये, ओरडून सांगितलेल्या भागात, विजयदुर्गावर दुर्बिणी ठेवायला बांधलेल्या साहेबाच्या ओट्यांची गोष्ट आहे. गिर्याहून किल्ला जवळच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तिथं दुर्बिणी घेऊन आले होते, मदतीला मेलपोमीनी या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी. आतेचे आजोबा तेव्हा लहान होते. त्यांनी तिला सांगितलेलं तिनं मला सांगितलं: "सायबाक धूर नको होतो आणि आमका गिराण. चूल कोणीच पेटवूक नाय."

चपलांच्या कपाटावरच्या त्या डिस्कच्या लेबलवर हेलियम लिहिलंय. २०१३ साली एचजीएसटी या कंपनीनं पहिल्यांदा असल्या डिस्क विकायला आणल्या. हवा काढून आत हेलियम कोंडायचा. तो हवेहून सातपट विरळ, म्हणून तबकड्यांना अडथळा कमी, घुसळण कमी, फिरण्याचा आवाज कमी, आणि तेवढ्याच जागेत सात तबकड्या. हात मात्र जड होतात, म्हणून टक् उरतंच. आणि या वायूला हेलियम हे नाव मिळालं ते लॉकयर यांच्याच कामातून. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ऑक्टोबरमध्ये लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, तो पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या ओळखीच्या कुठल्याही पदार्थाची नाही असं त्यांचं मत झालं. १८९५ साली रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना तो वायू पृथ्वीवरही सापडला. विजयदुर्गाचं ग्रहण त्यानंतरचं. तरीही हेलियम विजयदुर्गावर १८६८ साली सापडला, असं आमच्याकडे कौतुकानं सांगतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण १८९८ ची खरी गोष्ट मुळीच उणी नाही. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी समुद्रापार आलेली माणसं, युद्धनौकेवरचे खलाशी दुर्बिणींच्या दिमतीला, आणि आपापल्या कारणानं विझलेल्या चुली.

पाऊस संपला की भाचीला घेऊन किल्ल्यावर जायचं ठरलंय. आतेचं बोलणं तिला ओट्यांवर बसूनच ऐकायचंय, आणि तिथले आवाज भरूनही घ्यायचेत. दर्यावरचा वारा तिथं फार, माइकवर घालायची केसाळ टोपी मात्र निघण्याआधी घ्यायला हवी.