दमडीची मशीद

हिशेब हा माझा जन्माचा धंदा. छत्तीस वर्षे बँकेत आकडे जुळवले. चार आण्यांचा फरक राहिला, तरी रात्री नऊपर्यंत खुर्ची सोडली नाही. आमची ही म्हणते, "तुम्ही देवापुढे हात जोडता ना, तेव्हाही मनात बेरीज चालू असते!" तिचे हे बोलणे मी नेहमी हसण्यावारी नेत असे. पण नगरच्या एका जुन्या मशिदीने एका दुपारी मला ते पटवून दिले. त्याचीच ही हकिगत.

नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून कागदोपत्री ते अहिल्यानगर झाले आहे. आमच्या घरात मात्र पिढ्यान् पिढ्या नुसते 'नगर'च. तोफखान्यात आमचा वडिलोपार्जित वाडा. वाडा म्हणायचा एवढेच; चार खोल्या, वर माळवद आणि परसात एक आड. आईचे वर्षश्राद्ध झाले आणि माझ्यात नि दादात वाटणीचा विषय निघाला. मी नोकरीनिमित्त पुण्याला, दादा नगरलाच. माळवदाच्या दुरुस्तीला, आईच्या औषधपाण्याला मी वर्षानुवर्षे पैसे पाठवले होते. आधी मनीऑर्डरने, मग बँकेतून. रक्कम आणि तारीख यांसह सारे एका वहीत टिपून ठेवले होते. तेव्हा रस्त्याकडची मोठी खोली माझ्या वाट्याला यावी, असे माझे म्हणणे.

दादा म्हणाला, "बाळ, ती आईची खोली. ती तरी मोजू नकोस."

यावर मी जे बोललो, ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखे नाही. त्यानंतर सहा महिने आम्ही भाऊ वकिलांमार्फत बोलत होतो.

२०१८ च्या मार्चमध्ये कागदावर सह्या करायचे ठरले. वकिलांनी तीनला बोलावले होते, पण एस. टी. साडेदहालाच पोचली. नगरात मला जाण्यासारखे घर एकच होते, आणि नेमके तिथेच जायचे नव्हते! ज्या गावात आपण जन्मलो त्या गावात ऊन टाळायला जागा शोधावी लागणे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वहीची पिशवी काखेला मारून मी किल्ल्याकडे निघालो. पंडित नेहरूंना १९४२ साली आणून ठेवले तो हा किल्ला. त्याच्या जवळच दमडी मशीद. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तिच्यावरून कितीदा तरी गेलो होतो. आत मात्र कधी पाऊल टाकले नव्हते.

त्या दिवशी टाकले, ते केवळ सावलीसाठी.

आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "बसा, टेका जरा. ऊन फार आहे," म्हणाले. मी बसलो आणि मान वर केली.

मशीद लहानशीच. पण दगड केवढाले! आणि त्या दगडांवर काय ती कलाकुसर! आपल्याकडे लग्नाच्या शालूवर विणकर जेवढ्या निगुतीने बुट्टी काढील, तेवढ्या निगुतीने पाथरवटाने फुले कोरलेली. लेखकाचे बोरू जसे सरसर चालावे, तशी दगडात वळलेली अक्षरे. मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी नजर हलेना. कोपऱ्यातल्या एका फुलाकडे पाहायला मला मान पार वाकडी करावी लागली. दर्शनी भागावरच्या फुलाइतकेच ते नेटके होते. कोण पाहणार होते ते? कुणासाठी त्या माणसाने इतका जीव ओतला असेल?

"साहेब, नावाची गोष्ट माहीत आहे का?" त्या गृहस्थांनी विचारले.

गोष्ट मी ऐकून होतो, पण त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली. निजामशाहीच्या काळी, १५६७-६८ च्या सुमारास, साहिरखान नावाच्या सरदाराने ही मशीद बांधली. हुसेन निजामशहाने किल्ला दगडी करून घेतला, तेव्हा त्या कामावर जे मजूर राबत, त्यांच्या मजुरीतून रोज एकेक दमडी बाजूला पडे. त्या दमड्यांतून ही उभी राहिली, असे सांगतात. दमडी म्हणजे पैशाचाही बारीकसा तुकडा. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणतो ना आपण, तीच ती.

आता, माझा धंदा हिशेबाचा. मी लागलो मनात मांडायला. मजूर किती, दिवस किती, दमड्या किती! आणि मध्येच अडलो. त्या मजुरांपैकी कुणी इथे येऊन उभा राहिला असता, तर यातला आपला दगड कोणता, हे त्याला सांगता आले असते का? त्याची दमडी या फुलात गेली, की त्या पायरीत? दिली ती मिसळून गेली. परत वेगळी काढायची सोयच नाही.

आणि एकदम मला आमच्या घरातल्या दमड्या दिसू लागल्या. आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. रात्री दोनदा उठून तिची कूस बदलायची, ती दादाने. चमच्याचमच्याने पेज भरवायची, ती वहिनीने. त्यांची कुठे वही नव्हती. वही होती ती फक्त माझी.

मी रोज रामरक्षा म्हणणारा माणूस. मशिदीत मला साक्षात्कार झाला, असे काही म्हणणार नाही. पण देवळातही जे कधी घडले नव्हते, ते तिथे घडले. मनातली बेरीज थांबली. किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक.

तीन वाजता वकिलांना म्हटले, "मोठी खोली दादाच्या नावावर लिहा."

दादा माझ्याकडे संशयाने पाहत राहिला. मग हळूच वकिलांना विचारतो, "यात कायद्याची काही खोच तर नाही ना?"

सह्या झाल्या. बाहेर आल्यावर तो चपला घालता घालता म्हणाला, "घरी चल. तुझ्या वहिनीने सकाळीच पुरण शिजत घातलंय. मी म्हटलं, तो काही यायचा नाही. तर म्हणते, येवोत न येवोत, भाऊजी नगरात येऊन उपाशी जायचे नाहीत."

हेही माझ्या वहीत नव्हते.

स्वभाव काही एका दुपारीत जात नाही. रिक्षावाल्याकडून सुटे पैसे मी अजूनही मोजून घेतो. पण ती वही पुण्याला परत आली, तेव्हा तिची निम्मी पाने कोरी होती. हल्ली आमची ही त्यांवर दुधाचा हिशेब लिहिते.