पाण्यातली बॅटरी

आमच्याकडे कोकणात पावसाच्या सुरुवातीला कुर्ल्या धरायला रात्री वहाळावर जायचं, तर हातात बॅटरी हवीच. तीन सेलची, पत्र्याची, मागचं झाकण आवळून बंद करायची. "बॅटरी पाण्यात बुडवू नको हां, सेल जातले," हे मामाचं पालुपद. दगडाखालची कुर्ली दिसायची ती वरून, हलत्या पाण्यातून, निम्मी अंदाजाने. बॅटरीच दगडाच्या फटीपाशी नेता आली तर? हा किडा तेव्हा डोक्यात शिरला, तो अजून निघालेला नाही.

पुण्यात नोकरी लागली आणि खिशात चार पैसे खुळखुळू लागले, तेव्हा तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकलो. खाली गेल्यावर पहिली निराशा रंगांची. भर दुपारी दहा मीटरवर सगळं हिरवट-राखाडी. पाणी उजेडातला तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-सात मीटरांतच तो जवळजवळ संपतो. माझ्या प्रशिक्षकाने एका मळकट खडकावर आपली बॅटरी मारली आणि तो खडक एकदम कुंकवासारखा लाल झाला. पाण्यात दिवा फक्त अंधारासाठी नसतो, हे त्या क्षणी कळलं. वर आल्यावर त्या बॅटरीची किंमत विचारली आणि गप्प बसलो. मग ठरवलं, घरीच करू.

माझा पहिला दिवा म्हणजे प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, त्यात वीस वॅटचा हॅलोजन आणि यूपीएसमधली शिशाची बॅटरी. उजेड छान पिवळसर, रंग खुलवणारा. पण वजन असं की वेगळं शिसं कमरेला बांधायची गरजच उरली नाही. पुढे एलईडी आल्या. शुजी नाकामुरा यांनी १९९३मध्ये झगझगीत निळी एलईडी करून दाखवली, अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४चं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यासारख्या खटपट्या लोकांची दिवाळी मात्र २०१०च्या शेवटी आली, जेव्हा क्री कंपनीने एक्सएम-एल ही एलईडी आणली. दहा वॅटला हजार लुमेन! माझ्या हॅलोजनच्या दुपटीहून अधिक उजेड निम्म्या विजेत. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत ड्रायव्हर, रीड स्विच, वायर गोळा करत हिंडलो. रीड स्विच बाहेरून चुंबक सरकवला की चालतो, म्हणजे दिव्याच्या अंगाला भोक पाडावं लागत नाही. भोक नाही तर गळती नाही.

आणि सगळी कथा तिथेच आहे. बल्ब बदलले, सेल बदलले, पाइप जाऊन ॲल्युमिनियमचं नळकांडं आलं. काळी रबरी ओ-रिंग मात्र पहिल्या दिव्यात होती तशीच आजच्या दिव्यात आहे. उजेड पाडणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पाणी बाहेर ठेवण्यात बाकीचे महिने जातात. भोसरीतल्या ज्या लेथवाल्याकडे मी नळकांडी करून घेतो, त्याने पहिल्यांदा ड्रॉइंग बघून विचारलं, "पंपाचं आहे का?" बॅटरीचं आहे म्हटल्यावर तो हसला, पण रिंगची खाच कातून झाल्यावर तिच्यातून नख फिरवत म्हणाला, "नखाला चरा लागला तर गळणार, साहेब." आणि न सांगता पुन्हा एक हात मारला. एवढी तपासणी महागड्या दिव्यांचीही होत असेल की नाही, शंका आहे.

गंमत म्हणजे खोल गेल्यावर ही रिंग जास्त बिलगते. पाण्याचा दाब तिला खाचेच्या कडेला रेटतो. दगा होतो तो बहुधा उथळ पाण्यात, जिथे रेटायला जोर कमी असतो, किंवा रिंगवर एखादा केस, वाळूचा कण अडकलेला असतो. म्हणून नवीन नळकांडं आधी रिकामंच तपासायचं: आत टिश्यू पेपरची घडी ठेवायची आणि प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात त्या हातपंपाने बाहेरून पाण्याचा दाब द्यायचा. चार बार दाब धरला आणि कागद कोरडा निघाला, की मगच आत एलईडी.

लुमेनच्या शर्यतीत मी पडत नाही. मालवणच्या गढूळ पाण्यात झगझगीत दिवा कॅमेऱ्याजवळ धरला तर घाटातल्या धुक्यात अप्पर लावल्यासारखं होतं, समोर नुसते पांढरे ठिपके. शिवाय पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. तांबडा तिच्यातच कमी. म्हणून अलीकडे मी उजेड थोडा सोडला आणि उबदार, रंग नीट दाखवणारी एलईडी बसवली. हॅलोजनचा जुना पिवळेपणा परत आला म्हणा ना.

अंदमानला जाताना विमानतळावर हे नळकांडं हमखास बाजूला काढतात. वायरी, सेल, धातूची नळी. त्यांची चूक नाही. सुटे सेल नियमाप्रमाणे हातातल्या बॅगेत, टोकं झाकून ठेवलेले असतात. नळकांडं उघडून दाखवलं की सोडतात.

तुम्हाला असा दिवा करायचा असेल तर हौसेने करा, पण सेलवर पैसे वाचवू नका. बंद नळकांड्यात लिथियम सेल बिघडला तर वायूला बाहेर पडायला वाट नसते. जुन्या लॅपटॉपमधले सेल नकोत, आणि १८६५० सेलवर ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर तो दुकानातच ठेवा. चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. रात्री उतरताना बाजारातली दुसरी बॅटरी जॅकेटला अडकवलेली असू द्या. माझ्या जॅकेटला ती कायम असते.