गड, गच्ची आणि मुंग्या

आमच्या पेठेत पूर्व कुठली असं विचारलं, तर माणसं आधी देवघर कुठल्या भिंतीला आहे ते आठवत. नैर्ऋत्य मात्र शेंबड्या पोरालाही पाठ. तिकडं सिंहगड होता, गडावर टीव्हीचा मनोरा होता आणि वाड्यावाड्यांच्या कौलांवरच्या झाडून साऱ्या अँटेना तिकडंच तोंड करून उभ्या होत्या. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. तानाजीचं स्मारक, देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी या गडावरच्या यादीत मनोऱ्याचीही भर पडली.

त्याआधी घरात रेडिओ होता. होता म्हणजे कसा, तर उंच फळीवर होता, भरतकामाच्या झाकणाखाली होता आणि मोठ्या माणसांच्या हुकमतीत होता. त्याचं पोस्टातलं लायसन्सचं पुस्तक होतं, वर्षाला १५ रुपये भरून त्यात तिकिटं लावून आणायची. कपाटात रेशनकार्डाच्या शेजारी त्याची जागा. पुणे केंद्र १९५३ सालचं. १९५५-५६मध्ये गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण आठवड्याला एक गाणं या हिशेबानं वर्षभर याच केंद्रावरून झालं, हे आमच्या आज्या घरचं कार्य सांगावं तसं सांगत. काचेवर ७९२ किलोहर्ट्झपाशी कुणीतरी कुंकवाची टिकली चिकटवलेली. काटा टिकलीखाली आला की पुणे. पुढं ट्रान्झिस्टर आला, त्याचे सेल उतरले की उन्हात वाळत घालून आणखी चार दिवस चालवले जात. सेल टाकून देणं हा उधळेपणा होता.

टीव्ही आला तो शटरच्या पेटीतून. शटरला कुलूप, कुलपावर कव्हर, कव्हरवर प्लॅस्टिकची फुलदाणी. सोबत स्टॅबिलायझर, काटा बघायला. आणि सोबत सगळा वाडा. ‘साप्ताहिकी’ला कागद-पेन्सिल घेऊन एकजण बसे आणि आठवड्याचं सगळं उतरवून घेई. ‘आमची माती आमची माणसं’ तर ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता, त्यांनीही मन लावून पाहिलं. युरियाचं प्रमाण आमच्या काकूंना तोंडपाठ होतं, आणि शेती म्हणाल तर तुळशीची एक कुंडी.

मनोऱ्याच्या कुंपणाआत शिरायचा योग आमच्यातल्या मोजक्यांनाच आला. टेक्निकलला असलेली पोरं, शाळेचं पत्र, वरून आलेली परवानगी, असा तो मामला. आतकरवाडीच्या वाटेनं घाम गाळत वर गेलेल्या पोरांना वाटलं होतं, आत बातम्या देणारी माणसं भेटतील. भेटला तो पंख्यांचा घोंघाट. खोलीत माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं, त्यांवर ओळीनं मीटर, आणि मीटरसमोर वही घेतलेले एक साहेब. दर तासाला काटे बघायचे आणि वहीत मांडायचे. ‘‘वर गेली किती आणि परत आली किती, एवढंच बघायचं,’’ ते म्हणाले. अँटेनाला दिलेल्या शक्तीतली थोडी परत फिरते, ती वाढली की वर काहीतरी बिघडलं असं समजायचं. एका पोरानं विचारलं, ‘‘साहेब, कार्यक्रम कुठला बघता?’’ ‘‘काटे,’’ साहेब म्हणाले.

मग त्यांनी एका कपाटाचं दार उघडून दाखवलं. दाराच्या जोडणीतला खटका पडला आणि पंखे थांबले. आत मुठीएवढा धातू-चिनीमातीचा व्हॉल्व्ह, त्याच्या भोवती कंगव्यासारख्या पात्या, सगळा वारा त्याच्यासाठी. हे राखीवचं कपाट, चालू प्रक्षेपकाचं दार कुणी उघडत नाही, हेही त्यांनी बजावलं. चित्राचा प्रक्षेपक वेगळा, आवाजाचा वेगळा, आवाजाचा त्या मानानं लहान. दोघांचं निघालेलं एकत्र करून जाड केबलनं मनोऱ्यावर चढवायचं. ‘चित्र गेलं, पण आवाज आहे’ याचं घरोघरचं कोडं त्या दिवशी सुटलं. एक भाऊ आजारी पडला तरी दुसरा कामावर जाई.

रेडिओचा मनोरा इथं का नाही, हाही प्रश्न निघाला. तो हडपसरला, सपाटीवर, बसथांब्याचं नावसुद्धा ‘आकाशवाणी’. साहेबांनी खडूनं फरशीवर आकृती काढली. मध्यम लहरी जमीन धरून लांब जातात, त्यांना डोंगर लागत नाही, तिथं अख्खा मनोरा हीच अँटेना. टीव्हीच्या लहरी बऱ्याचशा नजरेसारख्या सरळ जातात, मध्ये टेकडी आली की अडतात. म्हणून उंची हवी. मुंबईला गड नव्हता, तर वरळीला ३०० मीटरचा मनोरा बांधावा लागला. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, म्हणजे पुण्याच्या डोक्यावर साडेसातशे मीटर तर आयतेच. अर्धंअधिक काम सह्याद्रीनं करून ठेवलेलं.

आणि ही दोन खाती तरी वेगळी कुठं होती? १ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून निराळं झालं, तोवर टीव्ही हे आकाशवाणीचंच अपत्य. नंतरही इंजिनिअर मंडळींच्या बदल्या इकडून तिकडं होत राहिल्या. काल हडपसरला रेडिओचे काटे बघणारा आज गडावर टीव्हीचे बघे.

गडावरचं काम तिथं संपे आणि उरलेलं आमच्या गच्चीवर सुरू होई. लोखंडी पाइप, तो आवळायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, खाली चपटी वायर, वायरला तीन ठिकाणी जोड. वारा आला की अँटेना फिरे, कावळा बसला की हले, आणि पडद्यावर मुंग्या. मग एकजण वर, एकजण जिन्यात, एकजण चौकात, एकजण टीव्हीपुढं.

‘‘आलं का रे?’’

‘‘आलं होतं, आता गेलं!’’

‘‘मगाशी होतं तिथं आण!’’

मगाशी कुठं होतं हे वरच्याला ठाऊक नसे. जिन्यातला ‘डावीकडं’चं ‘थांब’ करून वर पोचवी. अखेर चित्र स्वच्छ यायचं ते वरच्यानं पाइप धरून ठेवला असताना, आणि ‘छायागीत’ संपेपर्यंत त्यानं तो धरूनच ठेवावा, असा घरचा ठराव होई. त्याच्या वाटणीचं सरबत वर पाठवलं जाई.

लायसन्स १९८५ला गेलं. केबल आली, छत्र्या आल्या, आणि जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक २०२२पर्यंत देशभर बंद झाले. आमच्या गच्चीवरचे पाइप कुणी वाळवणाच्या दोरीला लावले, कुणी मांडवाला दिले, टाकून कुणीच दिले नाहीत.

आता चित्र अडलं की पडद्यावर एक गोल फिरत राहतो आणि काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा वाड्यात निदान पक्कं असे. चित्र आणि आवाज दोन्ही गेले आणि शेजारीही गेले, तर गडावर. चित्र गेलं, आवाज आहे, तरी गडावरच. शेजारी दिसतंय आणि आपल्याकडं नाही, तर वायरचा जोड. मुंग्या आल्या, तर वारा. एकाच्या जागी दोन बातमीदार दिसले, तर आवाज टेकडीवर नव्हे, चित्र टेकडीवर आपटून आलंय. काहीच नाही, दिवाही नाही, तर झोपा.

आणि म्हणूनच कार्यक्रम कसाही असो, आम्ही शेवटपर्यंत पाहिला. रटाळ चर्चा पाहिली, न कळणारं शास्त्रीय नृत्य पाहिलं, कांद्यावरच्या करप्याचीही माहिती पाहिली. गडावर कुणी काटे बघत होतं, गच्चीवर आपलाच दादा पाइप धरून उभा होता. एवढ्या जणांनी मिळून आणलेलं मध्येच बंद करायचं कसं?