सात जणांनी धरलेली तार

आरएस-४८५ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "केबल किती लांब चालेल?" पुस्तकी उत्तर १२०० मीटर. आणि काही बिघडलं की पहिला आळही केबलवरच!

मंचरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हेच झालं. तापमान मोजणारी दहा मॉड्यूल, १५० मीटर केबल, वेग ९६०० बिट. आत बटाट्याचं बेणं. चार मॉड्यूल दुरुस्तीला गेली आणि उरलेल्या सहांची रीडिंग मध्येच गायब व्हायला लागली. रात्रभर खोटे अलार्म. शेवटी ऑपरेटरकाकांनी भोंग्याची वायरच काढून ठेवली. "साहेब, रोजचंच रडगाणं आहे, कोण उठणार?" त्यांचंही बरोबरच. पण एखाद्या रात्री अलार्म खरा असला तर? सातगाव पठारावरच्या कुणाचं तरी पावसाळ्यात लावायचं बेणं गेलंच की!

आता जरा आकडेमोड. तारेत सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. १५० मीटरला पाऊण मायक्रोसेकंद. ९६०० वेगाला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे केबल निर्दोष. (तिकडे खोडदच्या जीएमआरटीत ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्यात, तिथे मात्र ऑप्टिकल फायबरच लागते.)

मग चोर कोण? बसवर कुणीच बोलत नसतं तेव्हा दोन तारांमध्ये निदान २०० मिलिव्होल्ट फरक लागतो. नाहीतर रिसीव्हर काहीही ऐकतो. हा फरक धरून ठेवतात ते बायस रेझिस्टर. एक ५ व्होल्टकडे ओढणारा, एक ग्राउंडकडे. दोन्ही टोकांना १२० ओहम, म्हणजे मध्ये ६० ओहम. ०.२ भागिले ६० म्हणजे ३.३ मिलिअँपिअर. ५ व्होल्टला एकूण १५०० ओहम, त्यातून ६० वजा, उरलेल्याचे दोन भाग: ७२० ओहम. प्रत्येकी यापेक्षा जास्त चालणार नाही.

इथे वेगळे बायस रेझिस्टर नव्हतेच! प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात ४.७ किलोओहमची जोडी होती. एकट्या मॉड्यूलचे जेमतेम ३२ मिलिव्होल्ट. दहा मिळून ३००, सात मिळून २१४, सहा मिळून १८४. म्हणजे बस इतके दिवस गर्दीच्या जिवावर चालली होती :-) सातवा गेला आणि कंप्रेसर सुरू झाला की गोंधळ.

उपाय काही रुपयांचा. मॉड्यूलमधले जंपर काढले आणि एकाच जागी ५६० ओहमची जोडी लावली. हिशोबाने २५४ मिलिव्होल्ट. मॉडबसच्या नियमांतही ४५० ते ६५० ओहमच सांगितलेत, आणि तेही अख्ख्या बसवर एकाच ठिकाणी. भोंगा परत जोडला गेला.

केबल खूप लांब असेल तर तांब्याचा रोधही धरा, लांबच्या टोकाला व्होल्टेज कमी पोचतं. नवीन फेलसेफ चिप असतील तर बायसची गरज कमी, पण एक जरी जुनं मॉड्यूल असेल तर हिशोब करावाच. आणि केबल बदलायला काढण्याआधी सगळ्यांना गप्प करून दोन तारांवर मल्टिमीटर लावा. पाच मिनिटांचं काम आहे.