अर्थ मोजताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी सौ.ची तक्रार होती. वायरमनला बोलावले. हा माझाच जुना विद्यार्थी, व्याकरणात कच्चा, पण हाताला गुण. मेन स्विच बंद करून त्याने अर्थिंगचा खड्डा उघडला. वायरचा नटबोल्ट गंजून सुटला होता. "नवा घाल आणि टाक जोडून," मी म्हणालो. "सर, आधी खड्डा मोजू," तो म्हणाला.

आणि त्याने अर्थ टेस्टर काढला. 'अर्थ' मोजण्याचे यंत्र! आयुष्यभर मराठी शिकवले, पण अर्थ मोजता येतो हे सत्तरीनंतर कळले. असो.

अर्थिंगची वायर सोडवून टेस्टरची एक तार खड्ड्यातल्या पाइपला लावली. दुसऱ्या दोन तारांसाठी जमिनीत दोन खुंट्या ठोकायच्या. एकीतून यंत्र स्वतःचा उलटसुलट प्रवाह सोडते, दुसरीवर व्होल्टेज पाहते. सोबतच्या पोराने दोन्ही खुंट्या पाच-सहा फुटांतच ठोकल्या. आकडा आला ३.२ ओहम. मी खूश!

"सर, हा खोटा आकडा. खुंट्या जवळ असल्या की एकीच्या भोवतालची माती दुसरीच्या मापात येते, आणि आकडा उगाच कमी दिसतो."

मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये लांबची खुंटी ३० मीटरवर गेली आणि मधली त्याच रेषेत साडेअठरा मीटरवर, म्हणजे साधारण ६२ टक्के अंतरावर. आता ११.४! मधली खुंटी तीन मीटर मागे घेतली, ११.१. तीन मीटर पुढे, ११.७. तिन्ही आकडे जवळपास जुळले, तेव्हा कुठे त्याने वहीत लिहिले.

"२३० भागिले ११.४ करा, सर." वीस अँपिअर. आमचा मेन एमसीबी ३२ चा. म्हणजे मशीनच्या पत्र्यात पूर्ण करंट उतरला, तरी तो पडणारच नाही! त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घेतला. पुढच्या आठवड्यात दुसरा पाइप पुरला.

पण त्या रात्री झोप लागली नाही. मुख्याध्यापक असताना दरवर्षी एक कागद सहीला यायचा, त्यात अर्थिंगचा रकाना असे. एका वर्षी मी सहज मागे जाऊन पाहिले होते. ठेकेदाराचा माणूस खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत होता. ओल्या मातीत आकडा उतरतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! यंत्र तर मी पाहिलेच नाही. कागदावर '२ ओहम' लिहून आले, मी सही केली. त्याच व्हरांड्यात पत्र्याचा वॉटर कूलर होता. मधल्या सुट्टीत ओल्या हातांची पोरे त्याला लोंबकळत असत.

सुदैवाने काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. आत्ताच्या मुख्याध्यापिका बाईंनी चहा मागवला. म्हटले, चहा राहू द्या, खड्डा कुठे आहे ते दाखवा. आणि शिपायाला आधीच सांगून ठेवले, मोजायला माणूस येईपर्यंत त्यात पाणी ओतू नकोस.