जरा मोठ्याने!

पंढरपुरात राहणाऱ्या माणसाने तुळशीची माळ आणायला मुंबईची गाडी पकडावी, तसे काहीसे या उन्हाळ्यात माझ्या हातून घडले. मी मिरजेचा. आमच्या गावात एक अख्खी गल्ली सतारी-तंबोरे घडवण्यात गुंतलेली असते. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, आणि १९३७ साली गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. अशा गावातून मी वाद्य आणायला पुण्याला निघालो. आणि वाद्य कोणते, तर गिटार! तीही साधी नव्हे. नायलॉनच्या तारांची, आणि शिवाय वायर जोडली की स्पीकरवर वाजणारी.

"आणि स्वस्तातली," असे आमच्या सौभाग्यवतींनी डबा बांधता बांधता जोडून दिले.

हा खटाटोप आमच्या धाकटीसाठी होता. मुलगी चौदा वर्षांची, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतून 'चहा ठेवू का' विचारले, तर आपण 'काय?' म्हणेपर्यंत चहा होऊनही जातो. मी पडलो मास्तर. सत्तर पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे 'जरा मोठ्याने म्हण!' हे वाक्य माझ्या तोंडी जप केल्यासारखे बसले आहे. वर्गात म्हणतो, घरातही म्हणतो. धाकटीला ते मी किती वेळा म्हटले असेन, याचा हिशेब तीच ठेवत असेल.

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात ती एक गाणे म्हणायला उभी राहिली. गिटार मैत्रिणीकडून मागून आणलेली, पोलादी तारांची. मंडपात मायक्रोफोन एकच, आणि तो तोंडापुढे. गिटार वाजते आहे हे फक्त तिच्या बोटांवरून कळत होते. मागून पोरे ओरडली, "आवाज! आवाज!" मी विंगेत उभा होतो. सवयीने माझा हात वर गेला आणि मी खूण केली, मोठ्याने! तिने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ती थांबली, नमस्कार केला आणि उतरली. घरी आल्यावर रडली नाही, रुसली नाही. दुसऱ्या दिवशी गिटार परत देऊन आली, आणि तेवढ्यावर विषय संपला.

संपला असे मला वाटले. पण पुढे चार महिने घरात गुणगुणणेही ऐकू येईना, तेव्हा माझे मन मला खाऊ लागले. त्याच सुमारास एका जुन्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानधन आले, अठरा हजार रुपये. कादंबरीतल्या नायिकेने आमच्या घराला दिलेली ही पहिलीच मदत. ती धाकटीच्या नावे लिहायची, असे मी ठरवले.

आमच्याकडे चर्चमध्ये गिटार वाजवणारे एक सर आहेत. त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, पोलादी तारांनी तिची बोटं सोलतात, आणि तिचा बारीक आवाज त्या तारांच्या खणखणाटात बुडतो. तिला नायलॉन द्या."

मला वाटत होते, नायलॉन म्हणजे वाळत घालायची दोरी. सरांनी माझे अज्ञान हळुवारपणे दूर केले. पूर्वी या गिटारीला आतड्याची तार असे. दुसऱ्या महायुद्धात ते आतडे जखमा शिवायच्या टाक्यांसाठी जाऊ लागले आणि वादक हवालदिल झाले. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या वाद्यकाराने नायलॉनचा धागा गिटारीवर चढवला. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी तो उचलून धरला, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस आतडे कायमचे मागे पडले. या तारांचा ताणही कमी. सहा पोलादी तारा मिळून सत्तरेक किलोच्या जोराने ओढतात, तर नायलॉनच्या चाळीसेक किलोच्या. म्हणूनच नायलॉनच्या गिटारीवर हौसेने पोलादी तारा चढवल्या, तर घोडी उखडून हातात येते.

"आणि मंडपात ऐकू कशी जायची?" मी विचारले.

तिथे विजेचा प्रश्न आला. मॅट्रिकला विज्ञानात काठावर सुटलेला मी. जेवढे समजले तेवढे सांगतो. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारीत लोहचुंबक असतो, त्याला पोलादाची थरथर कळते, नायलॉनची कळत नाही. म्हणून इथे दुसरी युक्ती. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज उपजते, हे पिएर आणि जाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. त्याच गुणाची एक पातळ पट्टी घोडीवरच्या हाडाखाली बसवतात. तार थरथरली की पट्टी दाबली जाते, आणि उपजलेली चिमूटभर वीज गिटारीच्या कुशीतले एक यंत्र सावरून पुढे पाठवते. ते यंत्र पुष्कळदा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. वायर खोचली की ते सुरू होते. म्हणून वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी उगाच संपत राहते आणि ऐन कार्यक्रमात गिटार मौन धरते.

एवढे ज्ञान घेऊन मी आमच्या गल्लीतल्या तंबोरेवाल्या चाचांकडे गेलो. त्यांची क्षमाच मागायची होती म्हणा ना! चाचा तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवायचा, छेडायची, ऐकायचे, पुन्हा सरकवायचा. मी सगळी कथा सांगितली. ते हसले.

"घोडीखाली पट्टी? म्हणजे आमचाच धागा, फक्त विजेचा! मास्तर, एक ध्यानात ठेवा. भोपळा आवाज धरतो, पण बोलते तबली. दुकानदार पहिल्यांदा वायर लावेल. लावू देऊ नका. बिनवायरीची ऐका. तबलीत नसेल ते यंत्रात कुठून येणार?"

हाच सल्ला स्पेनच्या एका कारागिराने फार पूर्वी आपल्या हाताने खरा करून दाखवला होता, हे मला मागाहून कळले. आन्तोनियो दे तोरेस हे त्याचे नाव. १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची तबली लाकडाची आणि पाठ-बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज तबलीतून निघतो, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पुण्याच्या दुकानात चाचांचे भाकीत पहिल्या मिनिटालाच खरे ठरले. विक्रेत्या मुलाने एक काळी चकचकीत गिटार काढली, वायर खोचली, यंत्रावरची चार बटणे फिरवली आणि एकच झंकार केला. दुकान दुमदुमले. मी भारावून खिशाला हात घालणार, तोच चाचा आठवले. म्हटले, "बाळ, वायर काढून वाजव पाहू." वायर निघाली आणि आतून खोकी वाजवल्यासारखा आवाज आला. किमतीचा मोठा वाटा बटणांत आणि चकाकीत गेलेला होता. लाकडाच्या वाट्याला उरलेसुरले.

मग मी गिटारीच्या भोकाच्या कडेला डोळा लावला. सरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते, वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून खाली उतरलेल्या दिसल्या तर तबली एकसंध. कडेला थर दिसले तर प्लाय. प्लाय वाईटच असते असे नाही. ती ओल-ऊन सोसते, धक्के खाते आणि स्पीकरजवळ शीळही कमी घालते. पण आमच्या मुलीच्या आवाजाला जी जात लागत होती, ती तिच्यात मला सापडेना.

चिठ्ठीतली पुढची कलमे मी धाकटीच्या कंपासपेटीतली पट्टी काढून तपासू लागलो, तेव्हा विक्रेत्याची मुद्रा पाहण्यासारखी झाली. बाराव्या पडद्यावर तारेची उंची तीन-चार मिलिमीटरच्या आत हवी. खुंट्यांकडचा गळा जुन्या पद्धतीत बावन्न मिलिमीटर रुंद असतो. लहान हाताला अठ्ठेचाळीसचा सोपा. मोकळ्या तारेचा षड्ज आणि बाराव्या पडद्यावरचा तार षड्ज तंतोतंत जुळला पाहिजे. या परीक्षेत दोन गिटारी बाद झाल्या. तीन उरल्या.

आता मी मास्तरकीचा हुकमी डाव टाकला. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही नाव झाकतो, तसे धाकटीला म्हटले, पाठ करून उभी राहा. विक्रेत्याने तिन्ही गिटारी वायरीविना, एकामागून एक वाजवल्या. नाव नाही, किंमत नाही, रंग नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. तिसरी वाजली आणि ती काहीतरी म्हणाली.

"काय? जरा मो..." मी म्हणू लागलो आणि जीभ चावली. पुढे होऊन कान तिच्या तोंडाशी नेला.

"बाबा, ही," ती म्हणाली. "ही माझ्याशी बोलल्यासारखी वाजते."

ती देवदाराची, एकसंध तबलीची होती. कुशीत यंत्र होते, पण साधे, दोनच बटणांचे. किंमत बावीस हजार. माझा चेहरा उतरलेला पाहून मालक पुढे आले. गिटारीच्या बाजूला बोटभर लांबीचा ओरखडा होता. मांडणीतली असल्याने ती पुष्कळांनी हाताळलेली. बरीच घासाघीस होऊन साडेसतरा हजारांवर सौदा ठरला. उरलेल्या पाचशेत वायर, बॅटरी आणि दोन वडापाव.

शेवटी वायर लावूनही वाजवली. आवाज मोठा झाला, पण होता तोच. मला हायसे वाटले.

घरी आल्यावर पहिला आठवडा सगळ्यांच्या परीक्षेचा गेला. नायलॉनच्या नव्या तारा रोज सैल पडत होत्या. सुरात लावून जेवायला बसावे, तो भात संपेपर्यंत उतरलेल्या. मी दुकानदाराला पत्र लिहायच्या बेतात होतो. चाचांनी थांबवले. "नवी तार आहे. ओढ सोसायला तिला दिवस द्या. रोज लावा, रागावू नका." आठवड्याभराने तारा खरोखरच ठरल्या.

यंदाच्या स्नेहसंमेलनाला अजून अवकाश आहे. धाकटी त्यात उतरणार की नाही हे मी विचारलेले नाही, आणि ठरवून विचारणारही नाही. वायर कपाटात गुंडाळून ठेवली आहे. लागेल तेव्हा ती काढील.

पण परवा पहाटे जाग आली. स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीचा वास होता आणि पलीकडच्या खोलीत अगदी हलकेच गिटार वाजत होती. तिच्याबरोबर धाकटीचा आवाजही होता. गेल्या वर्षी अर्धवट राहिलेले तेच गाणे. दुसरे कडवे आले. सौभाग्यवतींनी मिक्सरच्या बटणावर हात नेला होता. मी खूण केली, आणि त्यांनी तो मागे घेतला.

आम्ही दोघे दाराच्या अलीकडे उभे राहून ऐकत राहिलो. सगळे शब्द स्पष्ट ऐकू येत होते.