तुझ्या नावाचं पाकीट

प्रिय मित्रा,

आधी काकूंचं, तुझ्या आईचं, सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. काकू बऱ्या आहेत. पावसाळ्यात गुडघा धरतो, तरी मंगळवारी वझिऱ्याच्या गणपतीला चालत जातात. परवा गेलो तर अळूवड्या केल्या होत्या. तुझ्या वाटणीच्या दोन मलाच खायला लावल्या.

आता मोटारसायकलचं. फोनवर मी तुला "किरकोळ काम निघालंय" एवढंच बोललो. ते खरं नव्हतं. तुझी गाडी गायमुखच्या चढावर मोडली. चार वर्षं मी चालवतोय, तुझे पैसेही केव्हाच फेडून झाले, तरी तोंडात "तुझी गाडी" असंच येतं. कागदावरही ती तुझीच होती. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

काकूंकडेच निघालो होतो. मुलुंड ते बोरिवली कसं जायचं यावरचा आपला वाद आठवतो? नकाशात मध्ये नुसतं जंगल. बिबट्या रात्रीत पलीकडे जाईल, माणसाला मात्र खालून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड नाहीतर वरून घोडबंदर. तू कायम घोडबंदरच्या बाजूचा, म्हणून मीही अजून तसाच जातो. पाऊस बारीक होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना पायाखाली एकदा टक् झालं, मग कडकड, आणि मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि मागच्या चाकाला काही खबरच नाही. गाडी मागे सरकू लागली. दोन्ही ब्रेक दाबून धरले, पण ओल्या रस्त्यावर पाय ठरेनात. मागच्या कंटेनरचा क्लीनर उडी मारून आला आणि त्यानं चाकामागे दगड लावला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख अजून आहे.

इंजिनापासून मागच्या चाकाला फिरवणारा तोच शाफ्ट पलीकडच्या उतारावर, वेगात असताना, अडकून चाक जाम झालं असतं तर? तुला घाबरवायला लिहीत नाही. पण किरकोळ म्हणून मी तुझ्यापासून जे लपवलं, ते एवढं होतं.

व्हीजेटीआयमधला तो मशीनचा तास आठवतो का रे? सरांनी हुकच्या सांध्यावर प्रश्न टाकला आणि अख्खा वर्ग खाली बघायला लागला. तू उठून फळ्यावर गेलास. सांधा कोनात असला की पहिला दांडा एकसारखा फिरत असूनही पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. मग तेवढ्याच कोनात, नीट जुळवून, दुसरा सांधा बसवायचा. पहिल्यानं बिघडवलेली चाल दुसरा सरळ करतो. "सर, एकटा असेल तर थरथरतो, दोघं असले की चालतं," असं म्हणालास आणि पोरांनी आपलं नाव 'दोन सांधे' पाडलं. ते शेवटच्या वर्षापर्यंत टिकलं.

म्हणून तर तू असे सांधे असलेल्या शाफ्टची गाडी घेतलीस. 1923 मध्ये मॅक्स फ्रिझनं बीएमडब्ल्यूच्या आर 32 ला शाफ्ट कसा बसवला, हे तू मला माळशेजच्या टपरीवर, कसाऱ्याच्या घाटात, दादरच्या पुलावर, कुठे कुठे सांगितलंयस. चेनला तेल घाला, चिखल काढा, सैल झाली की ताण द्या. शाफ्टला यातलं काही नाही, म्हणायचास. तेही खरंच. पण त्यातली एक गोष्ट आपण दोघांनीही मनावर घेतली नाही. चेन डोळ्यांसमोर असते. सैल झाली की वाजते, सुकली की करकरते. शाफ्ट स्विंगआर्मच्या नळीत बसलेला, कुणाला दिसत नाही. दर सर्व्हिसिंगला मी मागच्या हौसिंगचं तेल काढायचो, ड्रेन बोल्टच्या चुंबकाला चुरा लागलाय का ते पाहायचो. चुंबक स्वच्छ निघायचं आणि मी निश्चिंत व्हायचो. चुंबकावरून कळते ती क्राउन-पिनियनची तब्येत. सांध्यातला क्रॉस त्या तेलात नसतोच. तो पुढच्या कोरड्या नळीत असतो, आणि ती कोरडी राहते रबराच्या एका बुटाच्या भरवशावर. शाफ्ट कायमचा असतो ही आपली समजूतच होती. आपली गाडी बीएमडब्ल्यूची नाही, पण त्यांनीसुद्धा बॉक्सर जीएसच्या बऱ्याच गाड्यांचा शाफ्ट 60,000 किलोमीटरला बदलायचा, असं ठरवलंय.

गाडी छोट्या हत्तीत घालून गवाणपाड्याच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी मागचं चाक हातानं हलवलं, कान लावला, म्हणाले, "क्रॉस खाल्लाय." बूट मागे सारला तर आतून विटकरी पाणी ठिबकलं. सांध्याच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजून भुगा झाल्या होत्या.

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? अंधेरीचा सबवे. मी मागे बसून ओरडतोय, पाणी पायापर्यंत आलंय, आणि तू "सायलेन्सर वर आहे, घाबरू नकोस" म्हणत गाडी काढतोयस. त्या क्षणी तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? रात्रभर मनात तुझ्याशी भांडलो. गाडी तू पाण्यात घातलीस, तिकडे परदेशी निघून गेलास, आणि घाटात मी मरता मरता वाचलो.

सकाळी मिस्त्रींनी तो राग उतरवला. त्यांना काम हवं होतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून जवळच्या मापाचा क्रॉस शोधू, लेथवर बसता करू, आठवड्यात गाडी देतो, असं ते म्हणू शकले असते. मी तर तसंच करा म्हणून मागे लागलो होतो. पण त्यांनी बूट माझ्या हातात दिला. "हा फाटलेला नाही साहेब. कापलेला नाही. ही कड बघा, खाचेत कधी बसलीच नव्हती. हे पाणी एका दिवसाचं नाही आणि ही चूक तुमची नाही. आधी कंपनीला विचारा. मी हात लावला तर उद्या ते माझ्याकडे बोट दाखवतील." हातातलं काम सोडून खरं बोलणारा माणूस आपल्याला लाभला, मित्रा.

त्या रविवारी ट्रेननं, दादरला बदलून, काकूंकडे गेलो. घाटाचं बोललो नाही. गाडी बिघडलीय, कंपनीला पत्र लिहायचंय, एवढंच म्हणालो. "कंपनीचं एक पाकीट आलंय बघ," म्हणत त्यांनी फ्रीजवरचा डबा काढला. तुझा लाडवांचा स्टीलचा डबा. त्यात तुझं सगळं टपाल तारखेप्रमाणे लावून, रबर बँड घालून ठेवलेलं. बँक, विमा, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं निमंत्रण. एकही पाकीट फोडलेलं नाही. "त्याच्या नावाचं मी कसं उघडू? आला की बघेल."

कंपनीचं पाकीट अकरा महिन्यांपूर्वीचं होतं. अमुक चासी नंबरच्या गाड्यांत शाफ्टचा रबरी बूट नीट न बसल्याची शक्यता आहे, पाणी जाऊन सांधा गंजू शकतो, गाडी न चालवता जवळच्या केंद्राला कळवावं, दुरुस्ती मोफत. खाली आपला चासी नंबर. अकरा महिने, मित्रा. तेवढ्यात मी दोनदा नाशिकला जाऊन आलो, एकदा बायकोला मागे बसवून.

कुणाला दोष देऊ? काकूंना? ज्या हातांनी तुझं प्रत्येक पाकीट जपलं, त्यांना? तुला? तू निघायच्या रात्री, बॅगा भरता भरता, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्यास आणि म्हणालास, "हे उद्याच भर." कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. तू एकदाही विचारलं नाहीस, हे तुझं. पण ते फॉर्म चार वर्षं माझ्या कपाटात पडून राहिले, हे माझं. मला वाटायचं, तुझ्या-माझ्यात नाव कशाला बदलायचं? कंपनीला आपली मैत्री कशी कळणार? तिनं कागदावर असलेल्या पत्त्यावर पत्र धाडलं. धोक्याची सूचना निघाली, पण जो रोज त्या सीटवर बसत होता त्याच्यापर्यंत पोचली नाही.

आपल्याकडे रिकॉल म्हटलं की लोक कुजबुजतात, गाडी फसवी निघाली म्हणून. मला आता उलटं वाटतं. 2021 च्या मे महिन्यात रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलमधल्या दोषामुळे मीटिओर, क्लासिक आणि बुलेट मिळून 2,36,966 गाड्या परत बोलावल्या, तेव्हाच सांगितलं होतं की यातल्या दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल. म्हणजे थोड्यांसाठी सगळ्यांना हाक मारायची. गाडीचा कारखाना याहून वेगळं काय करू शकतो? आपल्या देशात 2012 पासून हे कंपन्यांच्या मर्जीवर होतं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं, आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलवायचा हुकूमही देऊ शकतं. पण हाकेला ओ द्यायला माणूस पत्त्यावर हवा ना?

सर्व्हिस सेंटरनं आधी हात वर केले. कागद तुमच्या नावावर नाही, म्हणाले. मीही अडून बसलो. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नव्हे, दोष चासी नंबरला चिकटलेला आहे. शेवटी तुझं संमतीपत्र मागितलं. मी रात्री निरोप टाकला आणि तिकडे पहाटेचे चार वाजले असताना सही केलेला कागद आला. खाली एक ओळ: "बूट, क्रॉस, सील, सगळं बदलून घे. आणि पुढच्या सांध्याचे दाते बघ." शाफ्ट बाहेरून यायला सात आठवडे लागले. पुढच्या सांध्याचे दातेही झिजलेले निघाले. तू सांगितलं नसतंस तर मी पाहिले नसते. माझी रेंगाळलेली चाल सरळ करायला तू तिथूनही पुरलास, मित्रा.

काल नवं आरसी बुक आलं. एमएच 47 नंबर तोच, पण नाव माझं, पत्ता मुलुंडचा. काकूंना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आता गाडीची पत्रं इथं यायची नाहीत?" नाही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. डबा पुसून परत फ्रीजवर ठेवला.

तू रोज व्हिडिओवर दिसतोस, मान्य आहे. पण ते डब्यात ठेवता येत नाही.

आतलं पत्र मी सर्व्हिस सेंटरमध्ये जमा केलं होतं. रिकामं पाकीट मात्र काकूंनी माझ्याकडून मागून घेतलं. तुझं नाव आहे ना त्यावर.

तुझा,
मुलुंडचा सांधा